अपडेटनंतरचा सोमवार

रविवारी दुपारी अपेक्षाने ते बटण दाबलं ते निव्वळ वैतागून. आठ दिवस फोन तासातासाला तेच ऐकवत होता, सिस्टीम अपडेट तयार आहे म्हणून. डोळस माणसाला असली सूचना बोटाने बाजूला सारता येते. अपेक्षाला सातव्या वर्षापासून दिसत नव्हतं. तिचा फोन स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ही सूचनाही दर वेळी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकावी लागायची. एकदाची कटकट मिटू दे म्हणून तिने होकार दिला आणि फोन चार्जिंगला लावला.

सोमवारी सकाळी तिने फोन हातात घेतला, तर आत कोणी दुसरीच बाई येऊन बसली होती. ती फक्त इंग्रजी बोलत होती, तेही दमलेल्या माणसासारखं. बोट ठेवलं की दोन-तीन सेकंद गप्प, मग मागच्याच जागेचं नाव. तोवर बोट पुढे सरकलेलं असायचं. मराठीत लिहिलेलं काही आलं की बाई मुकीच व्हायची, कारण मराठी आवाज पुसला गेला होता. फोनला तोंडी सांगून बघावं तर तो आधी कसल्या तरी अटी मान्य करा म्हणत अडून बसला. हातात धरलेला फोन भाकरीसारखा गरम लागत होता.

आई, गंगासागर, स्वयंपाकघरात डबा भरत होती. अपेक्षा तिला काही बोलली नाही.

न बोलण्याला कारण होतं. वडवणीच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागून तिला तीन महिने झाले होते. आठवडाभर ती तिथे छबुबाईंच्या घरी खोली घेऊन राहायची, शनिवारी परळीला यायची आणि सोमवारी सकाळच्या बसने परत जायची. दर सोमवारी अप्पांनी, तिच्या वडिलांनी, सोबत जावं असा आईचा हट्ट होता. त्यावरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती, आणि शेवटी अपेक्षा जिंकली होती ती एकाच वाक्यावर: फोन हाय ना माझ्याजवळ. गाव कोणतं आलं, किती वाजले, दारात कोण उभं आहे, सगळं फोन सांगत होता. आता तोच आडवा पडला म्हटल्यावर आईने चप्पल घालायला किती वेळ लावला असता?

विश्वेश्वरने, तिच्या धाकट्या भावाने, तिला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं. साडेसातची बीड बस लागलेलीच होती. दांडा धरून ती चढली. दांड्यावर परळीच्या वीज केंद्राची नेहमीची राख होती, बोटांना चरचरणारी. खिडकीशी एक म्हातारी बसली होती. तिने सरकून जागा दिली आणि आपण तेलगावच्या पुढे लेकीकडे चाललोय, नाव कडूबाई, असं न विचारताच सांगून टाकलं.

सिरसाळा गेलं तसा फोन थरथरला. बाई म्हणाली, अमरसिंह, मेसेज. पुढे शांतता. मिनिटभराने पुन्हा तेच, मग तिसऱ्यांदा. अमरसिंह म्हणजे कार्यालयातले मोठे बाबू. ते फक्त मराठीत लिहायचे आणि कामाशिवाय एक अक्षर लिहायचे नाहीत. अपेक्षाने मेसेज उघडला, मागे आली, पुन्हा उघडला. नुसती शांतता. एवढ्यात त्यांचा फोनच आला. दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की फोन उचलला जायचा, ही तिची चार वर्षांची सवय. तिने टिचकी मारली आणि फोन कट झाला. उलट लावायला गेली तर कॅमेरा उघडला. तिने फोन पिशवीत टाकला, लगेच बाहेर काढला, परत टाकला.

कडूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माय, कावून एवढी तळमळायलीस?"

अपेक्षाने सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाचता आलं असतं तर वाचून दावलं असतं. पर मला अंगठाच येतो."

मग कडूबाईंनी मागे वळून कंडक्टरला अशी हाक मारली की निम्मी बस जागी झाली.

कंडक्टरचं नाव सतीश. दर सोमवारी तोच असायचा, ती त्याला आवाजाने ओळखायची. त्याने फोन हातात घेतला आणि परत तिच्या हातात दिला. म्हणाला, "ताई, हे तर बंद हाय. निस्तं काळं दिसतंय."

बंद नव्हतं. अपेक्षा स्क्रीन कायम काळी ठेवायची. तिला ऐकायला उजेड लागत नव्हता, आणि कॉलेजात असताना एका मुलीने मागे उभी राहून तिचा मेसेज वाचला होता, वर वर्गभर सांगितला होता. त्या दिवसापासून स्क्रीनवर हा पडदा होता. घरातल्यांनीही तिच्या फोनमध्ये कधी काही पाहिलं नव्हतं. आता तो काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि काढायचा तर फोनच्या पोटात शिरून. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. ती एक बोट सरकवायची, थांबायची, बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची, मग पुढचं. बस खड्ड्यात आदळली की बोट घसरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सतीश दोन तिकिटं फाडून परत आला तरी तिचं चाललंच होतं.

"आलं, उजेड आला," कडूबाई म्हणाल्या.

सतीशला स्क्रीनवर जे वर दिसलं ते त्याने आधी वाचलं, तेही गाडीच्या आवाजाच्या वर आवाज चढवून. तो मेसेज शुक्रवारचा होता. साहेब नाराज आहेत, तुमची आवक-जावक नोंदवही दोन दिवस मागे आहे. अपेक्षाची कानशिलं तापली. पुढच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. ती हळू आवाजात म्हणाली, खालचा वाचा, आजचा. त्याने वाचला. दिव्यांग प्रमाणपत्राची पडताळणी आज बीडला आहे. वडवणीला येऊ नका, थेट बीडला जा. मूळ प्रमाणपत्र सोबत हवंच. बारापर्यंत न पोहोचल्यास पगार थांबेल.

मूळ प्रमाणपत्र परळीला होतं, आईच्या लोखंडी कपाटात.

तिने घरी फोन लावायला घेतला, तर फोन मध्येच थिजला. बाई एक शब्द अर्धा बोलली आणि गप्प बसली. सतीशने स्वतःचा मोबाईल काढला, नंबर सांगा म्हणाला. अपेक्षाला आईचा नंबर येत नव्हता. विश्वेश्वरचा येत नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत तिने नुसती नावं ऐकली होती आणि बोट दाबलं होतं. एकच नंबर पाठ होता, घरच्या पूजासाहित्याच्या दुकानाचा, कारण अप्पा बेल-भस्माच्या गिऱ्हाइकांना तो लहानपणापासून तिच्यासमोर सांगत आले होते. तिकडून आईने उचलला.

"आई, मी बोलते."

"हा कोणाचा नंबर हाय? तुझा फोन कुठं गेला?"

खोटं बोलायला जागा होती. कंडक्टरचा म्हणून सांगून बॅटरीवर ढकलता आलं असतं. पण बसमध्ये आधीच सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि आता लपवायचा तिला कंटाळा आला होता.

"फोन बिघडलाय. सकाळीच बिघडला होता. मी तुला सांगितलं न्हाई."

पलीकडे दुकानातली घंटा कोणीतरी हलवून बघत होतं. मग अपेक्षाने प्रमाणपत्राचं सांगितलं. आईने एवढंच विचारलं की उतरायचं ठिकाण कोणतं, आणि म्हणाली, "तेलगावला उतर. तिथून हलू नकोस."

सतीशने तिला तेलगावच्या फाट्यावर चहाच्या हॉटेलातल्या बाकावर बसवलं आणि मालकाला दोन शब्द सांगितले. कडूबाईंनी खिडकीतून तिच्या हातात मूठभर शेंगा दिल्या. बस गेली.

मग सुरू झालं ते थांबणं. किती वाजले ते कळेना. फोन पुन्हा चालू व्हायला घ्यायचा आणि सूर लावून बंद पडायचा. मालकाला तिने तीनदा वेळ विचारली. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली म्हणून तिने शेंगा सोलायला घेतल्या, पण खाल्ली एकही नाही. प्रत्येक मोटरसायकल जवळ आली की ती उठायची, आवाज पुढे निघून गेला की बसायची. वडवणीकडून गाड्या येत होत्या, माजलगावकडून येत होत्या. परळीकडून कोणती येते ते आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करून तिचं डोकं भणभणलं. आई आता काय म्हणणार याची सगळी वाक्यं तिने मनात ऐकून घेतली, प्रत्येकाला उत्तर तयार केलं, आणि सगळी उत्तरं तिला तकलादू वाटली.

विश्वेश्वरच्या गाडीचा सैल चेनगार्ड वाजला तेव्हा ती उठली. आई मागच्या सीटवरून उतरली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, बीडची गाडी येतीये, चल. विश्वेश्वर दुकानाकडे परत फिरला.

बसमध्ये बसल्या, वडवणी मागे पडलं. मग आई आपणहून म्हणाली, "सकाळी तू सांगितलं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं. ते खरं हाय."

"म्हणून तर न्हाई सांगितलं."

"हां. पर तुझा फोन लागत न्हवता, अन् तेलगाव येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर न्हवता. तेवढं ध्यानात ठेव."

अपेक्षाने मान हलवली. तिने जुळवलेलं एकही उत्तर याला बसत नव्हतं.

पावणेबाराला त्या बीडच्या पडताळणी कार्यालयात पोहोचल्या. रांग मोठी होती. पुढच्या खुर्चीतून एक फोन भराभर मराठी बोलत होता. अपेक्षाने विचारलं, तर ते मोहनराव निघाले, चकलांब्याचे शिक्षक, तिच्यासारखेच न दिसणारे. शनिवारी त्यांचीही हीच गत झाली होती. त्यांनी तिचा फोन बंद करून चालू केला, स्वतःच्या फोनवरून इंटरनेट दिलं, आणि मराठी आवाज पुन्हा उतरवून घेतला. टिचकीची जुनी सोय सेटिंगमध्ये खोल कुठेतरी बंद झाली होती, ती तिच्याच बोटाने सुरू करायला लावली. आवाज आला, पण आधीचा नव्हता. पातळ आणि घाईचा होता.

"दोन-तीन दिवस फोन आतल्या आत आवराआवर करतो, मग जरा हलका होतो," मोहनराव म्हणाले. "पर जुना फोन हाय तुझा. पयल्यासारखा पळंल असं मी सांगत न्हाई. दोन नंबर पाठ कर आधी."

तिने आईला तिचा नंबर विचारला. आई विचार करून म्हणाली, मला कुठं माहीत, मी काय मला फोन करते का. मोहनराव मोठ्याने हसले. अपेक्षाला हसू आलं ते त्या दिवसातलं पहिलं. नंबर शेवटी फोनलाच विचारावा लागला, आणि त्याने तो अडखळत सांगितला.

पडताळणी दहा मिनिटांत उरकली. साहेबांनी कागद उलटसुलट केला, शिक्का मारला, जा म्हणाले.

चार वाजता बीडच्या स्टँडवर आईने परळीच्या गाडीची चौकशी केली, आणि म्हणाली, दोन दिवस घरी चल, फोन धड होऊ दे. अपेक्षालाही क्षणभर वाटलं, जावं. पण नोंदवही दोन दिवस मागे होती, आजचा तिसरा. ती वडवणीलाच उतरते म्हणाली. गाडी एकच होती, त्यामुळे दोघी शेजारी बसल्या. अपेक्षाने मात्र पुढे झुकून कंडक्टरला आपण होऊन सांगितलं, मला दिसत नाही, वडवणी आलं की हाक मारा.

तिने पिशवीतला फोन चाचपला. तो अजून कोमट होता. बोट ठेवलं. एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही. ती आईचा नंबर ओठातल्या ओठात म्हणू लागली, सातव्या आकड्याला अडली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.