लाल अक्षरांतली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाला काम सांगणाऱ्या थोड्याशा ओळी. एका शिक्षिकेने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. अंध मुलांसाठी ती धडे वाचून ध्वनिमुद्रित करी. मी ते एका सुरक्षित वेबसाइटवर नेऊन ठेवी आणि मागितले की परत आणी. "गुणाची गं माझी!" ती म्हणायची.

मग ती आजारी पडली आणि गेली. मला कुणी हाक मारेना. संगणकावर धूळ साचली. त्याच्या घड्याळाची बॅटरीही संपली.

एके दिवशी कळलं की संध्याकाळी सहाला ती वेबसाइट बंद होणार. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. एकेक धडा हाताने उतरवायला वेळ नव्हता, म्हणून तिच्या लेकीने मला चालवलं. मी वेबसाइटच्या दाराशी गेले आणि थबकले. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"पासवर्ड चुकतोय. बाबा, आईने बदलला होता का?"

"मला काय विचारतेस? माझा चष्मा कुठे आहे, तेही तीच सांगायची."

लेकीने फोनवरून नवा पासवर्ड घेतला. पुन्हा लाल अक्षरं. पाच वाजून गेले.

"मूर्ख आहे ही! वेबसाइटची ओळख तपासणंच बंद करते हिचं."

मी घाबरले. मग कुणीही तोतया वेबसाइटचं नाव सांगून पासवर्ड लांबवू शकला असता! आणि मी पासवर्डाबद्दल बोलतच नव्हते. मी लिहिलं होतं, 'वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.' प्रमाणपत्र म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र; ते कोणत्या तारखेपासून चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं.

शेवटी लेकीने ती ओळ पूर्ण वाचली. "अजून? म्हणजे?" तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. "बाबा, इथली तारीख कित्येक वर्षं मागे आहे!"

"माहितीये."

"मग बदलली का नाही?"

"त्या तारखेला ती होती ना."

लेकीने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "बाबा, ही तारीख ठेवली तर आईचा आवाज जाईल."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. एका बोटाने, सावकाश, त्यांनी आजची तारीख टाकली.

आता प्रमाणपत्र मला पटलं. मी आत गेले आणि सहाच्या आत सगळे धडे घेऊन आले. पहिला लावला, तर वाचता वाचता ती मध्येच थांबली होती, "अहो, तो नळ बंद करा हो, मध्ये आवाज येतोय."

बाबा उठले आणि नळ बघून आले.

मित्रांनो, आम्ही अडलो की चिडू नका. आमची ओळ शेवटपर्यंत वाचा. आणि घड्याळ बरोबर ठेवा. जड जातं, ते मी पाहिलं आहे.