झाकणाच्या आतली ओळ

मित्रांनो, मला भूत लागले आहे, असे लोक म्हणायचे. मी एक जुनी मोटर आहे. पत्र्याची भांडी काढणाऱ्या प्रेसमागे, अंधाऱ्या बोळकांडीत, तेलाचा पंप फिरवता फिरवता माझे आयुष्य गेले. नाकासमोर चालले असे म्हणता येत नाही, गोलच फिरले. पण कामचुकारपणा कधी केला नाही.

माझी नाडी बघायचे ते फिटरकाका. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या पाठीला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "बोल गं," एवढेच म्हणायचे. मग माझ्या तारांच्या डब्याचे झाकण काढून आतल्या बाजूला तारीख आणि करंट लिहायचे. कागद हरवतो, झाकण कुठे जातंय, असे त्यांचे म्हणणे.

एकदा जाड पत्रा आला. सुपरवायझरने पंपावरचा दाबाचा स्क्रू पिळला. दाब वाढला तसा पंप मला जड झाला. मी तापले आणि ओझे जास्त झाले की वीज तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेने मला बंद केले. काकांनी मला पुन्हा चालू करून ऐकले, करंट बघितला, झाकणात लिहून ते लावले आणि पाना घेऊन स्क्रूकडे वाकले. तेवढ्यात दाबाने तेलाची नळी फुटली आणि फवारा थेट त्यांच्यावर आला. काका वाचले नाहीत.

"म्हाताऱ्यानेच जास्त पिळला," असे ठरून गेले. सुपरवायझर गप्प राहिला. नवी नळी बसली, पण काकांचा शेवटचा हात लागलेल्या स्क्रूला कोणी शिवेना. मी दिवसातून चारदा बंद पडू लागले आणि कामगार पुटपुटू लागले, "काका आले." मलाही तसेच वाटे. थांबल्यावरच्या शांततेत पाठीवर ते टोक टेकल्याचा भास होई. सगळे माहीत असून मला तोंड कुठे होते!

वर्षाने सुपरवायझरने काकांच्या मुलीला बोलावले. तीही फिटरचेच काम करते.

"ताई, रिले काढून टाका. सरळ जोडा."

"जळेल ती. आणि परत नळी फुटली म्हणजे?"

तिने मला पंपापासून सोडवून नुसतेच फिरवले. करंट सहा. "मोटर ठणठणीत आहे. ओझं पंपाचं आहे." पुन्हा पंपाला जोडून प्रेस चालवला, तर एकवीस. मग वीज तोडून तिने माझे झाकण उघडले आणि तिचा हात थबकला. ओळीने वडिलांचे अक्षर होते. चौदा, चौदा, चौदा. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली. "आज एकवीस. स्क्रू कोणीतरी पिळलाय. दाब उतरवतो."

सुपरवायझर पुढे आला. "मीच पिळला होता, ताई."

"आणि आम्ही घरात वर्षभर बाबांनाच बोल लावला," ती म्हणाली.

मित्रांनो, यंत्र थांबते तेव्हा ते रुसलेले नसते. त्याचे तोंड दाबू नका, त्याच्यावरचे ओझे बघा. आणि स्वतःची चूक त्याच दिवशी कबूल करा. गेलेल्या माणसाच्या माथी ती मारली, तर त्याला नाकारता येत नाही.

तिने स्क्रू सैल केला. दाबाचा काटा जुन्या खुणेवर आला आणि मी पुन्हा चौदावर फिरू लागले. मग तिने स्क्रूड्रायव्हर माझ्या पाठीला टेकवला, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. जाण्यापूर्वी तिने मला थांबवले आणि झाकणातल्या त्या ओळीखाली एकच शब्द लिहिला.

'उतरवला.'