जयसिंगचे कान

अपेक्षाची सुपारी फुटायची होती त्याच आठवड्यात तिचा बाप जयसिंग पौडच्या वळणावर मोटारसायकलवरून पडला. आता दवाखान्यात तो मशिनच्या जोरावर छाती हलवत होता. बाहेर बाकड्यावर त्याच्या बायकोला, कल्पनाला, नांदे गावच्या होणाऱ्या विहीणबाई सुलक्षणा चिकटून बसल्या होत्या. बाई मायेची, पण उठेल तर शपथ.

डॉक्टरीणबाईंनी कल्पनाला बोलावलं, तर सुलक्षणाबाईही मागोमाग आल्याच.

"मेंदू बंद पडलाय असं दिसतंय. आणखी एक तपासणी केली. कानात टकटक सोडतो, ती मेंदूपर्यंत पोचली का ते डोक्याला लावलेल्या तारा दाखवतात. रेघ सपाट आली."

कल्पनाने कागदावरच्या रेघेकडे पाहिलं. टकटक पोचणार कशी? जयसिंग ठार बहिरा होता. त्याचा बाप तसाच, चुलताही. सोयरीक जुळवताना असलं कोण सांगतं? बैठकीत ती त्याला चिकटून बसायची. एक चिमटा म्हणजे मान हलव, दोन म्हणजे हस. "व्याही लई मितभाषी हायेत," म्हणून सुलक्षणाबाई भाळल्या होत्या.

बोलावं तर पोरीचं लग्न मोडतंय. न बोलावं तर बहिरा म्हणून नवरा मेलेला ठरतोय.

"मॅडम, त्यांना ऐकूच येत न्हाई," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. घराण्यातच हाय ते."

"आगं बया!" सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मग आमी येवढं बोललो ते?"

"मान हलवली ना त्यांनी?"

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. "बरं झालं सांगितलंत. ही तपासणी धरायची नाही मग."

कल्पनाच्या जिवात जीव आला.

"पण बाकीच्या तपासण्यांना कान लागत नाहीत, ताई. डोळ्यांत उजेड मारला, घशात नळी हलवली, मशिन काढून श्वास घेतात का पाहिलं. काहीच नाही. नियमाप्रमाणे पुन्हा एकदा करू."

संध्याकाळी पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. तोवर सुलक्षणाबाई "घरी इचारून सांगते" म्हणून निघून गेल्या होत्या. काय इचारायचं ते कुणी विचारलं नाही.

"आई, तू गप बसली असतीस तरी दादा गेलेच असते," अपेक्षा म्हणाली. बापाला ती दादाच म्हणायची.

"व्हय."

"मग?"

"तवा मला कुटं ठावं होतं, बाळा?"

अपेक्षा उठली आणि आईला हाक न मारता, एकटीच बापाला बघायला आत गेली.