भभूतीवर बाईची सावली

प्रकाशाच्या घाटावर त्या सकाळी बाप्ये आपापल्या चुन्याच्या डब्या तापीत फेकत होते. उंबराखाली बैरागी बसलेला, अंगाला राख, डोळे अर्धे मिटलेले.

"बच्चा, तंबाखू में कलि बैठा है. होंठ में भभूत दबाओ, कलि भागेगा."

चिमूट ओठाखाली गेली की तलफ खलास. डोकं दुखत नाही, हात कापत नाही. होळीला शाळेच्या मास्तरांनी सगळ्यांकडून तंबाखू सोडायची शपथ घेतली होती, ती दोन दिवसांत मोडली. आता म्हणे मास्तर कच्चा, महाराज पक्का.

अट एकच. बायकांनी जवळ यायचं नाही. त्यांची सावली पडली की भभूत मरते.

गजराबाईला त्या मरतुकड्या भभूतीची कीवच आली. पण तिचा जीव अडकला होता पोरात. दोधूच्या गालात आतून जखम होती. शहाद्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, तंबाखू सोड, नाहीतर गाल जाईल. दोधू आता छाती काढून हिंडत होता आणि जखम चरत चालली होती.

"तोंड उघड."

"माय, तंबाखू सुटनी. महाराजनी किरपा शे."

त्यानं तोंड उघडलं, आतून ओळखीचा वास आला आणि गजराबाईला तिची मेलेली सासू आठवली. त्या म्हातारीच्या दातांसाठी तिनं जन्मभर परसात तंबाखू भाजून मशेरी केली होती. बाप्यांना तो वास ठाऊक नव्हता. ठसका लागतो म्हणून ते तव्याजवळ फिरकत नसत.

तवा, दोधू आणि शेजारच्या बाया घेऊन ती घाटावर गेली. दगडांवर तवा ठेवला, तंबाखूचं पान काळं होईतो भाजलं, चुरलं, राखेत कालवलं.

"माई, छाया पड गई," बैरागी कुरकुरला.

"पडू दे." गजराबाईनं आपली राख पोराच्या नाकाशी धरली. "दोधू, आते मन्ही भभूत हुंग."

दोधूनं हुंगली. मग महाराजाची पुडी हुंगली. "माय, हाई तं तेच शे."

घाटावरच्या बाप्यांतल्या चुडामण पाटलानं बैराग्याची झोळी उपडी केली. आधी राख पडली, मागून तंबाखूची भाजकी पानं.

"सावलीनं नुसतं नाव, खरी भीती बाईना नाकनी," गजराबाई म्हणाली. बाया पदरात हसल्या. कलीसारखाच महाराजही पळाला.

दुपारी दोधू ओसरीवर घामाघूम बसला होता. "माय, चिमूटभर दे."

"नही," ती म्हणाली, आणि उठलीही नाही त्याच्याजवळून.

बाप्यांनो, तंबाखू सुटली आणि काहीच त्रास झाला नाही असं कोणी सांगितलं, तर आधी त्याच्या तोंडात काय आहे ते बघा. तलफ येईल, डोकं चढेल. ते सोसा, डॉक्टरचं ऐका. अक्कल राखेत कालवू नका. आणि एवढंही जमत नसेल, तर घरातल्या बाईला हुंगायला सांगा.