डोकं टेकायची भिंत

हिंगोलीत आम्ही नवं घर बांधलं आणि माझ्या नवऱ्याच्या, धम्मदीपच्या, अंगात रंगारीच संचारला. स्वयंपाकघराला चकचकीत ऑइलपेंट, म्हणजे फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्यानं निघतात. न्हाणीघरालाही तोच. झोपायच्या खोलीला मॅट, म्हणजे बिनचमकीचा. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण हॉललाही त्यानं मॅटच मारायला लावला. भिंत चमकली की गिलाव्याचे सगळे खड्डे दिसतात, म्हणे.

"साहेब, मॅटवरचा डाग पुसून निघत न्हाई," मुन्ना पेंटर म्हणाला.

"डाग पडू देतंय कोन?" धम्मदीप म्हणाला.

मग सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावाहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कायमच्या राहायला आल्या. मीच मागं लागून आणलं होतं. मामंजी गेल्यापासून त्या एकट्याच होत्या, आणि खरं सांगते, मला त्या फार आवडतात. भाजी निवडता निवडता अख्ख्या गावाची खबर मिळते.

आत्याबाई रोज डोक्याला तेल थापतात आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसतात. उभा जन्म तशाच बसल्या. आल्या दिवशी टेकायला गेल्या, तर धम्मदीप ओरडला, "आई, भिंत!" मी पाठीशी लोड दिला, तो फरशीवरून घसरला. सोफ्यावर त्यांचे पाय लोंबकळायचे. बिचाऱ्या हॉलच्या मधोमध ताठ बसायच्या, एसटीची वाट बघत असल्यासारख्या. चार दिवसांत त्यांनी पिशवी भरली.

"काहून चालल्या, आत्याबाई?"

"पाठ भरून येऊन राहिली, लेकरा. तुमचं घर लई देखनं हाय. मला न्हाई जमायचं इथं."

माझं डोकंच फिरलं. खोबरेल तेलाची बाटली काढली, अर्धी टाळूवर ओतली आणि धम्मदीपच्या डोळ्यांदेखत भिंतीला टेकून बसले. चांगलं डोकं घासून बसले. उठले तेव्हा भिंतीवर भाकरीएवढा डाग होता.

धम्मदीप डागाकडे बघत राहिला. मग भरलेल्या पिशवीकडे. मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेतो. त्यानं मुन्नाला फोन लावला. "हॉलला खालून ऑइलपेंटचा पट्टा मारायचाय. शाळेला असतो तसा."

मुन्नानं येऊन कुरकुरत डाग घासला आणि विचारलं, "पट्टा किती उंच घेऊ?"

"आई, बस जरा भिंतीला," धम्मदीप म्हणाला. "नीट टेक. डोकं पन."

आत्याबाई भीत भीत टेकल्या. तो स्वतः खाली बसला आणि त्यांच्या डोक्यावर वीतभर जागा सोडून त्यानं पेन्सिलनं खूण केली. त्या क्षणी मला तो लग्नातल्यापेक्षाही देखणा वाटला.

रंग वाळल्यावर आत्याबाई पाय पसरून, पाठ टेकून ऐसपैस बसल्या आणि त्यांनी गावी शेजारच्या दगडोबाला फोन लावला. त्यांची म्हैस त्याच्याकडे सांभाळायला होती.

"दगडोबा, म्हैस आता तुझ्याकडंच राहू दे," त्या म्हणाल्या. "मी न्हाई येत."