पहारेकऱ्याचं पोट

आमच्या ऑफिसात प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात चालतो. कंटेनर म्हणतात त्याला. प्रत्येकाशेजारी मी एक छोटा एजंट बसवला, म्हणजे साइडकार. शेजारचा काय करतो ते बघायचं आणि माझ्याकडे चुगली करायची, एवढंच त्याचं काम. दोघांना मिळून मेमरी एकच. एजंट माझा भारी लाडका.

चिमणी आमच्या टीममधली सगळ्यात नवी. आवाज बारीक, म्हणून चिमणी. तिचा प्रोग्रॅम दवाखान्याच्या वेळा बुक करायचा. शेजारी एजंट बसला आणि आठवड्याभरात प्रोग्रॅम कोसळायला लागला. एजंटचा निरोप आला: मेमरी संपली.

"चिमणे, बकासुर पाळलायस का गं?" मी भर मीटिंगमध्ये विचारलं. सगळे खो-खो हसले.

"सर, मी तीनदा तपासलं. तो एवढं खात नाही."

"मग काय, भूत येऊन खातं?"

चोर पकडायचाच म्हणून मी एजंटला सांगितलं, दर सेकंदाला बघ, सगळं लिहून ठेव. प्रोग्रॅम दिवसातून सहा वेळा पडायला लागला. म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो का! पहारा आणखी वाढवला. आता तासातासाला पडायचा. माझी खात्री तर पक्कीच झाली. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर चिमणीला टीममधून काढू.

गुरुवारी संध्याकाळी ओट्याला टेकून मी हे सगळं बायकोला रंगवून सांगत होतो. तेवढ्यात दूध उतू गेलं.

"लक्ष कुठंय तुझं?" मी म्हणालो.

"माझं? गॅसपुढे उभा कोण आहे? मला वळायला जागा नाही! मदत शून्य आणि ओटा सगळा तुझा. हल आधी!"

मी हललो आणि एकदम आठवलं. कोण किती मेमरी खातं त्या ग्राफवरची एजंटची स्वतःची रेघ मीच लपवली होती. का, तर ग्राफ गिचमिड दिसतो!

लॅपटॉप उघडून ती रेघ चालू केली. चिमणीचा प्रोग्रॅम बिचारा चिमणीएवढंच खात होता. बाकी सगळं माझ्या लाडक्याच्या पोटात.

आणि मी काय केलं? गुपचूप एजंट काढून टाकला, लॅपटॉप मिटला. बायकोला म्हणालो, "बरोबर आहे तुझं." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवारी प्रोग्रॅम एकदाही पडला नाही. "वा! हिचा प्रोग्रॅम तू सरळ केलास," साहेब मला म्हणाले. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

मीटिंग संपता संपता चिमणी जवळ आली. "थँक्यू सर. काल आईला सांगून टाकलं होतं, मला हे काम जमत नाही म्हणून. आता सांगते, सरांनी सावरलं." तिने फोन लावलासुद्धा, पण आईने उचलला नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला लॅपटॉप जोडला आणि ती रेघ सगळ्यांना दाखवली.

"बकासुर माझा होता."

चिमणीने रेघ वरपासून खालपर्यंत बघितली. "कधी कळलं, सर?"

"काल संध्याकाळी."

"म्हणजे टाळ्यांच्या आधी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. साहेब पेनाचं टोपण काढत-लावत बसले.

तेवढ्यात आईचा उलटा फोन आला. "आई, मला जमतं गं काम," चिमणी म्हणाली. मग माझ्याकडे बघत, "ते सर ना? आहेत इथेच. नाही, आज काही बोलत नाहीयेत."