दहा ते अकरा

रिहाबची आई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही नाश्त्याला बसलो होतो. आमच्या ट्युनिशियात दफन त्याच दिवशी उरकतात, आणि जपानहून घरी पोचायला दीड दिवस. पोरगी ताटावरून उठली. वर खोलीत गेली, टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दोष आमचाच, आवाज करायचा नाही हा धाक आम्हीच घातला होता. मी लतिफा, रिहाबची आणि तिच्याबरोबरच्या मुलींची कराटेची प्रशिक्षक. सहा जणींना घेऊन दोन आठवडे सरावाला आले होते. आम्ही स्फाक्सच्या बायका, चौघी जमलो की गल्ली दणाणते. इथल्या भिंती कागदाच्या. शेजारचे निशिओआजोबा दोनदा तक्रार घेऊन आले, तेही आम्ही नुसत्या हसलो म्हणून. आमच्या यजमानीण तोकुदाबाई बहात्तर वर्षांच्या. तरुणपणी तीन वर्षं आमच्याच गावात कराटे शिकवून गेलेल्या. मोडक्यातोडक्या अरबीत दिवसातून वीसदा म्हणायच्या, "हळू, मुलींनो." शेवटी आम्ही मांजराच्या पावलांनी जिना उतरायला शिकलो.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका मोकळ्या गळ्यानं आक्रोश करतात. न रडलेली लेक वेडी होते, असं माझी आजी म्हणायची, आणि मी ते खरं झालेलं पाहिलंय. दुसऱ्या सकाळीही रिहाबचे डोळे कोरडे होते. मला भीती वाटायला लागली.

"रड गं बाई. टाक तो टॉवेल," मी म्हटलं.

"इथे नको, ताई. आजोबा येतील."

खिडकीतून पाहते तर तोकुदाबाई दारोदार फिरत होत्या. प्रत्येक दारात कमरेत वाकायच्या आणि कागदात गुंडाळलेला छोटा टॉवेल द्यायच्या, ही इथली माफी मागायची रीत. माझं डोकंच फिरलं. त्या परतल्या तशी त्यांना जिन्यातच गाठलं.

"पोरीनं हूं की चूं केलं नाही, आणि तुम्ही आमच्या नावानं माफी मागत फिरताय?"

"मागितली. पण कालची नाही, आजची. दहा ते अकरा इथे आवाज होईल, म्हणून सांगून आले."

"कसला आवाज?"

"तुमच्या गल्लीत मी ऐकलाय तो," त्या म्हणाल्या. "मुलींना खाली आण."

सरावाच्या खोलीत मी खिडक्या लावायला लागले.

"राहू दे उघड्या. वेळ मागून घेतलाय."

सहा जणी रांगेत उभ्या राहिल्या. तोकुदाबाई आकडे मोजायच्या, आकड्यागणिक एक ठोसा आणि पोटातून एक आरोळी. हा रोजचाच सराव, फक्त एरवी खिडक्या बंद आणि आरोळी दबकी. रिहाबचे हात चालत होते, ओठ मिटलेले. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोटातून," त्या म्हणाल्या.

सातव्या ठोशाला आरोळी आली ती थांबलीच नाही. "आई गं" म्हणत पोरगी गुडघ्यांवर बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की माझ्या अंगावर काटा आला. मग आम्ही सगळ्याच रडलो, मी तर माझ्या आईचं राहिलेलंही रडून घेतलं. तोकुदाबाईंचा आवाज फाटला होता, तरी त्या मोजत राहिल्या.

अकराला त्या थांबल्या. मुली एका क्षणात गप्प झाल्या. रिहाबनं तर हुंदका अडवायला तोंडावर हात दाबला. 

दारात निशिओआजोबा उभे होते, हातात सकाळचा टॉवेल, न उघडलेला. जमिनीकडे बघत हलक्या आवाजात काहीतरी बोलले. तोकुदाबाई त्यांच्यापुढे कमरेत वाकल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"बारापर्यंत चालेल म्हणतात."